कंट्रोलरची सेन्सिटिव्हिटी कशी ठरवायची? शूटर गेम खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंट्रोलरवर शूटर खेळणारे दोघे भेटले की 'तू कितीवर खेळतोस?' हा प्रश्न निघतोच. उत्तरात एक आकडा मिळतो आणि तो जसाच्या तसा आपल्या गेममध्ये घातला जातो. असा तयार आकडा या पानावर नाही. आपला आकडा आपण कसा शोधायचा ते इथे आहे, आणि त्यामागे एक ठाम मत आहे: सेन्सिटिव्हिटी निवडताना किती झटकन वळता येतं हे बघू नये, हवं तिथे थांबता येतं का हे बघावं.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा बदलला की नेमकं काय बदलतं?

कॅमेरा वळण्याचा वेग. माउस जितका सरकवाल तितका कॅमेरा वळतो आणि माउस थांबला की तोही थांबतो. स्टिकचं, म्हणजे कंट्रोलरवरच्या अंगठ्याने कलवायच्या दांडीचं, तसं नाही. ती किती कललेली आहे यावर कॅमेरा कोणत्या वेगाने फिरणार ते ठरतं, आणि ती कललेली असेपर्यंत तो फिरतच राहतो. थांबायचं तर अंगठा मध्यावर परत आणावा लागतो, तोही अगदी वेळेवर. कंट्रोलरवर नेम धरणं अवघड जातं ते मुख्यतः यामुळे.

आकड्यांत बघू. स्टिक पूर्ण कलवल्यावर कॅमेरा सेकंदाला १८० अंश फिरत असेल तर मागे वळायला १ सेकंद लागतो. ३६० अंश फिरत असेल तर अर्धा सेकंद. दुसरा पर्याय ऐकायला छान वाटतो. पण सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, असलेल्या गेममध्ये ३६० अंश म्हणजे दर फ्रेमला ६ अंश, आणि २० मीटरवरच्या शत्रूचं डोकं जेमतेम अर्ध्या अंशाचं. वेग दहा टक्क्यांवर आणला तरी एका फ्रेममध्ये नेम त्या डोक्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेच्या पार जातो.

म्हणजे सेन्सिटिव्हिटी जितकी कमी तितकी बरी का?

नाही. लांबच्या शत्रूसाठी कमी वेग सोयीचा असतो, पण अंगावर आलेल्या शत्रूपुढे तोच कमी पडतो. समजा शत्रू सेकंदाला ६ मीटर वेगाने तुमच्यासमोरून आडवा पळतोय. तो ५ मीटरवर असेल तर त्याच्यावर नेम ठेवायला कॅमेरा सेकंदाला साधारण ७० अंश फिरायला हवा. तोच शत्रू २ मीटरवर आला की हा वेग १७० अंशांच्या वर जातो. तुमच्या कॅमेऱ्याचा कमाल वेगच १२० असेल तर अंगठा कितीही कसलेला असू दे, तो शत्रू निसटणारच.

त्यामुळे खालची मर्यादा जवळची लढाई ठरवते आणि वरची मर्यादा लांबचा नेम. तुमचा आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो, आणि ही मधली जागा बहुतेकांना वाटते त्यापेक्षा अरुंद असते.

मग सुरुवात कुठून करायची?

सेन्सिटिव्हिटीपासून नाही. आधी डेडझोन, मग रिस्पॉन्स कर्व्ह, मग साधी सेन्सिटिव्हिटी आणि सगळ्यात शेवटी एडीएस, म्हणजे बंदूक डोळ्याला लावल्यावरची सेन्सिटिव्हिटी. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक पुढची गोष्ट बदलताना मागची पुन्हा बसवावी लागते.

पहिल्या दोन गोष्टी बसल्या की सरावाच्या मोडमध्ये जा. समोरच्या भिंतीवर दोन खुणा निवडा. खिडकीचा कोपरा, दिव्याचा खांब, काहीही चालेल. क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मधली नेमाची खूण, एका खुणेवरून दुसरीवर न्या आणि तिथे थांबवा. सावकाश नाही, खऱ्या लढाईत न्याल तसा. नेम खुणेच्या पुढे जाऊन परत आणावा लागत असेल आणि हे वारंवार होत असेल, तर आकडा एका पायरीने खाली घ्या. खुणेच्या अलीकडेच थांबून पुन्हा ढकलावा लागत असेल, तर एका पायरीने वर. चुका दोन्ही बाजूंना सारख्याच पडायला लागल्या की तुम्ही योग्य जागेच्या जवळ आहात.

मग मागे वळून बघा. पाठीमागून गोळी लागली तर वळून प्रत्युत्तर देण्याइतका वेळ मिळतो का? नाही मिळत असं वाटलं तर लगेच सेन्सिटिव्हिटी वाढवू नका. अनेक गेममध्ये स्टिक अगदी टोकाला गेल्यावर वाढीव वेग लागू होतो. एपेक्स लेजंड्सच्या प्रगत सेटिंगमध्ये त्याला एक्स्ट्रा यॉ म्हणतात आणि तो किती वेळाने सुरू व्हावा, किती वेळात पूर्ण चढावा हेही ठरवता येतं. नेमाला धक्का न लावता वळणं तेवढं वाढवायला तो उपयोगी पडतो.

ही तपासणी खेळायला बसल्या बसल्या करा. दोन तास खेळून हात तापलेला असताना कुठलीही सेन्सिटिव्हिटी बरी वाटते आणि दुसऱ्या दिवशी तीच जड जाते.

डेडझोन म्हणजे काय? तो शून्यावर ठेवावा का?

स्टिक मध्यावरून थोडी हलली तरी गेम ज्या पट्ट्यात तिची दखल घेत नाही तो डेडझोन. तो मोठा असेल तर अंगठा हलल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग कॅमेरा एकदम उचल खातो. बारीक दुरुस्ती नेमकी याच पट्ट्यात करायची असते, त्यामुळे मोठ्या डेडझोनवर तुम्ही कोणतीही सेन्सिटिव्हिटी घ्या, नेम अडखळतच चालणार. 'माझी सेन्सिटिव्हिटी जास्त वाटते' अशी तक्रार असलेल्या बऱ्याच जणांचा खरा त्रास इथे असतो.

शून्य मात्र सहसा जमत नाही. स्टिक सोडल्यावर ती अगदी मध्यावर परत येतेच असं नाही, नवी कोरी असली तरी. डेडझोन शून्यावर नेऊन कंट्रोलर टेबलावर ठेवा आणि स्क्रीन बघत राहा. कॅमेरा आपोआप सरकायला लागला तर एकेक पायरी वाढवत जा. मग स्टिक चारही दिशांना कलवून एकदम सोडून द्या, कारण प्रत्येक दिशेहून ती थोडी वेगळीकडे येऊन थांबते. चारही वेळा कॅमेरा स्थिर राहिला की त्यावर एक पायरी अधिक देऊन तिथेच सोडा.

याशिवाय बाहेरचा डेडझोनही असतो. स्टिक कडेला टेकायच्या किती आधी 'पूर्ण कलली' असं धरायचं ते तो ठरवतो. स्टिक टोकाला नेऊनही पूर्ण वेग मिळत नसेल तर इथे बघा. हेलो इन्फिनिटमध्ये अक्षाचा डेडझोनही वेगळा दिलेला आहे. स्टिक आडवी ढकलताना अंगठा किंचित वर-खाली गेला तर त्याकडे तो दुर्लक्ष करतो. तिरका नेम धरताना मात्र तो मधे येतो, म्हणून मी तो कमीत कमी ठेवायचा सल्ला देईन.

माझ्या स्टिकला ड्रिफ्ट आहे, म्हणजे हात न लावताही कॅमेरा सरकतो. सेन्सिटिव्हिटीने ते झाकता येईल का?

सेन्सिटिव्हिटीने नाही, डेडझोन वाढवून काही काळ. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतात. त्यांचे भाग एकमेकांवर घासतात आणि झिजतात. आधी स्टिक साफ करून, कॅलिब्रेशन करून बघा. डेडझोन इतका वाढवावा लागत असेल की बारीक हालचाल गेमला कळतच नाही, तर स्टिक किंवा कंट्रोलर बदलायची वेळ आली आहे. हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये चुंबकाने मोजणी होते, मोजणारे भाग एकमेकांना लागत नाहीत, म्हणून ही झीज त्यात होत नाही. हे तंत्र नवं नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ मध्येच ते होतं.

रिस्पॉन्स कर्व्ह कोणता घ्यावा?

स्टिक अर्धी कलवली तर अर्धा वेग मिळावा की त्याहून कमी? याचं उत्तर म्हणजे कर्व्ह. सेन्सिटिव्हिटी फक्त टोकाचा वेग सांगते, मधल्या सगळ्या प्रवासाचा वेग कर्व्ह ठरवतो. आणि नेम धरताना अंगठा बहुतेक वेळ मधेच असतो.

लिनिअरमध्ये जितकी स्टिक तितका वेग. अंगठ्याची हालचाल जशीच्या तशी पडद्यावर उमटते, चुकाही तशाच उमटतात. कॉल ऑफ ड्यूटीतला स्टँडर्ड किंवा एपेक्समधला क्लासिक मध्याजवळ मऊ आणि टोकाकडे तेज असतो. बारीक दुरुस्ती सोपी जाते, पण पळत्या शत्रूच्या मागे जाताना वेग मधेच चढल्यासारखा वाटतो. कॉल ऑफ ड्यूटीतला डायनॅमिक उलट्या एसच्या आकाराचा कर्व्ह आहे आणि त्या गेममध्ये तो बऱ्याच जणांच्या हाताला चटकन बसतो.

नवख्या खेळाडूने गेमने दिलेल्या मूळ कर्व्हवर सुरुवात करावी. हात स्थिर झाला, पण सलग हलणाऱ्या शत्रूवर नेम टिकत नाही असं वाटायला लागलं की लिनिअर वापरून बघण्यात अर्थ आहे. एक सांगतो: मऊ कर्व्हवरून लिनिअरवर जाताना सेन्सिटिव्हिटी तीच ठेवली तर ती एकदम वाढल्यासारखी भासेल. एक-दोन पायऱ्या खाली येऊन मग मत बनवा. पुष्कळ जण हे न करता पहिल्याच सामन्यात लिनिअर सोडून देतात.

एडीएस सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी?

साध्या सेन्सिटिव्हिटीपेक्षा कमी, पण किती कमी ते स्कोपवर, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीवर, अवलंबून आहे. चार पट मोठं दाखवणाऱ्या स्कोपमधून बघताना कॅमेरा तेवढाच वळला तरी चित्र चौपट वेगाने सरकतं. म्हणून रेड डॉट (फारसं मोठं न करता नुसता लाल ठिपका दाखवणारा) आणि लांबचा स्कोप यांना एकच आकडा देऊ नका. कॉल ऑफ ड्यूटी, एपेक्स, हेलो इन्फिनिट या तिन्हींमध्ये झूमप्रमाणे वेगळी सेन्सिटिव्हिटी ठेवता येते.

रेड डॉट आधी बसवा, कारण जास्तीत जास्त लढाया त्यावरच होतात. भिंतीवरच्या दोन खुणांची तपासणी बंदूक डोळ्याला लावून पुन्हा करा. मोठे स्कोप नंतर, आणि तेही तुम्ही खरोखर वापरत असाल तरच.

कॉल ऑफ ड्यूटीत अजून एक सेटिंग आहे ज्याकडे फारसं कोणी बघत नाही: एडीएसची सेन्सिटिव्हिटी नेमकी कधी लागू व्हावी. इन्स्टंट, ग्रॅज्युअल आणि आफ्टर झूम असे तीन पर्याय असतात. इन्स्टंटमध्ये बटण दाबताक्षणी वेग बदलतो. आफ्टर झूममध्ये बंदूक पूर्ण वर आल्यावर. बंदूक उचलता उचलताच शत्रूकडे वळायची सवय असेल तर आफ्टर झूममध्ये त्या क्षणी जादा वेग हाताशी राहतो. कोपऱ्याकडे आधीच बंदूक रोखून उभे राहत असाल तर या फरकाने काही बिघडत नाही.

आडवी आणि उभी सेन्सिटिव्हिटी सारखी ठेवायची का?

सुरुवातीला हो. शत्रू जास्त करून आडवे हलतात, उभी हालचाल मुख्यतः रिकॉइल, म्हणजे गोळी झाडताना बंदुकीला बसणारा झटका, आवरायला लागते. नेम सतत डोक्याच्या वर जात असेल तर उभी किंचित कमी करा. फरक फार वाढवला तर तिरकी हालचाल अंगठ्याला विचित्र वाटू लागते.

एम असिस्टचा सेन्सिटिव्हिटीशी काय संबंध?

फार जवळचा. एम असिस्ट सहसा दोन प्रकारे काम करतं. एक, क्रॉसहेअर शत्रूच्या आसपास आलं की कॅमेऱ्याचा वेग कमी करणं. दोन, शत्रू किंवा तुम्ही हलत असताना कॅमेरा थोडासा त्याच्याबरोबर वळवणं. २००१ च्या 'हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड'मध्येही नेमाला अशी मदत होती, आणि आज कंट्रोलरवरचे बहुतेक शूटर तिच्या भरवशावरच बेतलेले असतात.

वेग कमी होणं तुम्हाला अंगठ्यात जाणवायला हवं. क्रॉसहेअर शत्रूवरून हळू नेताना ते जड झाल्यासारखं वाटतं, तो हाच परिणाम. सेन्सिटिव्हिटी खूप जास्त असेल तर क्रॉसहेअर त्या पट्ट्यातून एक-दोन फ्रेममध्येच पार होतं आणि मदत मिळायच्या आत संपते. म्हणून भिंतीवरच्या खुणांनंतर हलत्या बॉटवर, म्हणजे गेमनेच चालवलेल्या शत्रूवर, तपासणी करायलाच हवी. भिंतीवर एम असिस्ट नसतं, शत्रूवर असतं. एकावर बसवलेला आकडा दुसऱ्यावर थोडा हलवावा लागतो, आणि अशा वेळी बॉटचं ऐका.

आणखी एक. अनेक गेममध्ये वळवणारी मदत तुम्ही स्टिक वापरत असतानाच मिळते. एका जागी खिळून, दोन्ही अंगठे सैल सोडून गोळ्या झाडल्या तर ती मदत कमी मिळते किंवा मिळतच नाही.

नेम सतत पुढे निघून जातो. सेन्सिटिव्हिटी कमी करूनही फरक नाही. का?

पडद्यावरचा उशीर तपासा. तुम्ही स्टिक हलवता आणि चित्र थोड्या वेळाने हलतं, मग थांबायलाही उशीर होतो. कॅमेरा सेकंदाला १८० अंश फिरत असताना ५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ९ अंशांची चूक, आणि त्यात तुमच्या अंगठ्याचा दोष काहीच नाही. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड सुरू करा, कारण चित्र सुंदर करणाऱ्या प्रक्रियांनाच वेळ लागतो. गेममध्ये ३० ऐवजी ६० किंवा १२० फ्रेमचा पर्याय असेल तर तो घ्या: ३० फ्रेमला एक फ्रेम ३३ मिलिसेकंद टिकते, ६० ला १७ आणि १२० ला ८ च्या आसपास.

उशीर नसेल तर पकडीकडे बघा. ताणाखाली अंगठा स्टिकवर दाबला जातो आणि दाबलेला अंगठा अलगद परत येत नाही. कॉल ऑफ ड्यूटीत टॅक्टिकल नावाच्या बटणांच्या मांडणीत उजवी स्टिक दाबून खाली बसता येतं. लढाईत तुम्ही नको तेव्हा बसत असाल तर अंगठा किती दाबला जातोय हे त्यावरूनच कळेल.

डाव्या स्टिकने नेम धरतात म्हणजे काय?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. क्रॉसहेअर शत्रूच्या हातभर बाजूला असेल तर उजव्या अंगठ्याने दुरुस्ती करण्याऐवजी डाव्या स्टिकने स्वतःच बाजूला सरकता येतं. शत्रू २० मीटरवर आहे आणि तुम्ही सेकंदाला २ मीटर वेगाने सरकताय असं धरा. नेम शत्रूच्या तुलनेत सेकंदाला जेमतेम ६ अंश सरकेल. एवढी बारीक हालचाल उजव्या अंगठ्याला फार कष्टाने जमते, डाव्याला आपोआप मिळते. शिवाय तुम्ही हलत राहता, त्यामुळे समोरच्याचा नेम बिघडतो.

ज्यांना हे जमतं ते थोड्या जास्त सेन्सिटिव्हिटीवरही अचूक खेळू शकतात. उजवा अंगठा नेम शत्रूच्या जवळ आणून देतो आणि शेवटचा हातभर डावा भरून काढतो. जवळच्या लढाईत मात्र हेच सरकणं उलटतं: शत्रू २ मीटरवर असेल तर तोच वेग ५७ अंशांचा होतो. तिथे उजव्या अंगठ्यालाच काम करावं लागतं.

व्यावसायिक खेळाडूंच्या सेटिंग घेतल्या तर?

सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या. एपेक्समध्ये '४-३ लिनिअर' हे सतत ऐकू येतं: साधी ४, एडीएस ३, कर्व्ह लिनिअर. ते वाईट नाही. पण त्या खेळाडूची स्टिक कदाचित उंच असते, डेडझोन वेगळा, फ्रेमरेट जास्त आणि रोजचा सराव कितीतरी अधिक. त्याचा आकडा त्याच्या हातावर बसलेला आहे. दोन खुणांच्या तपासणीत तो तुमच्याकडून उत्तीर्ण होत नसेल तर तो तुमचा नाही.

एका गेमची सेन्सिटिव्हिटी दुसऱ्यात तशीच चालते का?

आकडा तसाच चालत नाही. एका गेममधल्या ५ चा दुसऱ्यातल्या ५ शी काही संबंध नसतो. वेग मात्र मोजून नेता येतो. एखाद्या खुणेकडे तोंड करा, स्टिक एका बाजूला पूर्ण कलवून धरा आणि दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजा. दहा फेऱ्यांचे ३६०० अंश होतात. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला १८० अंश. दुसऱ्या गेममध्ये तेवढाच वेळ येईपर्यंत आकडा हलवा. टोकाचा वाढीव वेग दोन्हीकडे बंद करून मोजा. मधल्या कर्व्हचा फरक उरतोच, तो हातानेच जुळवावा लागतो.

एफओव्ही वाढवल्यावर नेम बिघडल्यासारखा का वाटतो?

शत्रू लहान दिसतो म्हणून. आडवा एफओव्ही, म्हणजे पडद्यावर किती अंशांचं दृश्य मावतं तो आकडा, ८० वरून ११० केला तर पडद्याच्या मधला शत्रू सुमारे ४० टक्के लहान होतो, आणि कॅमेरा तेवढ्याच वेगाने फिरूनही हळू वाटतो. लोक मग सेन्सिटिव्हिटी वाढवतात आणि लहान झालेल्या शत्रूवर जास्त वेगाने नेम धरायला जातात. आधी एफओव्ही ठरवा, मग सेन्सिटिव्हिटीला हात लावा.

उंच स्टिक घेऊन फायदा होतो का?

होतो. स्टिक उंच झाली की तेवढ्याच कलासाठी अंगठ्याला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून बारीक हालचाल सोपी जाते. लहान हातांना मात्र ती लांब पडते. फक्त उजवीकडे लावून बघा.

जायरोचं काय?

जायरो म्हणजे कंट्रोलर हातात किती वळला ते ओळखणारा सेन्सर. तुमच्या कंट्रोलरमध्ये आणि गेममध्ये सोय असेल तर जरूर वापरून बघा. कंट्रोलर जितका वळवाल तितका नेम सरकतो आणि हात थांबला की तोही थांबतो, त्यामुळे या पानावर सुरुवातीला सांगितलेली स्टिकची अडचण इथे येतच नाही. निन्टेंडोच्या स्प्लाटूनमध्ये २०१५ पासून हे आहे, फोर्टनाइटमध्येही आहे. डुअलशॉक ४, डुअलसेन्स आणि स्विच प्रो कंट्रोलरमध्ये जायरो असतो, एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये नसतो. मोठं वळण स्टिकने घ्यायचं आणि शेवटची दुरुस्ती मनगटाने करायची. पहिले काही दिवस मनगट गोंधळतं, म्हणून जायरो फक्त एडीएसमध्ये सुरू ठेवून सुरुवात करा.

आकडा सापडला. आता किती दिवस बदलायचा नाही?

निदान दोन-तीन आठवडे. एका वाईट सामन्यानंतर बदलायचा मोह होतो. त्या संध्याकाळी बदलू नका. दुसऱ्या दिवशी खेळायला बसल्यावर दोन खुणांची तपासणी करा आणि चुका एकाच बाजूला पडताना दिसल्या तरच एक पायरी हलवा.

सेटिंग लिहून ठेवावी का?

हो, सगळी: दोन्ही डेडझोन, कर्व्ह, साधी सेन्सिटिव्हिटी, प्रत्येक झूमची एडीएस आणि एफओव्ही. गेम नव्याने टाकल्यावर किंवा मोठ्या अपडेटनंतर सेटिंग मूळ जागी गेलेल्या असू शकतात. सेटिंगच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून फोनमध्ये ठेवला तरी पुरे.